केशवबुवांच्या तिथीचा पूर्वपक्ष

केशवबुवा देवाघरी गेल्यापासून त्यांच्या तिथीचं कीर्तन एकदाही चुकलं नव्हतं. प्लेगाच्या साली सारी अमरावती शेतात झोपड्या घालून राहिली होती, तेव्हा ते झोपड्यांमध्ये झालं, पण झालं. थोरल्या उद्धवबुवांनी वडिलांची गादी धरली होती. धाकटा कमलाकांत झांज घेऊन त्यांच्या मागं उभा राहायचा आणि ध्रुपद उचलायचा. बायकांच्या बाजूला खांबाशी गोदावरी बसायची. नवरा गातोय आणि दीर मागं सूर धरतोय, हे तिला डोळे मिटूनही दिसायचं.

यंदा मात्र तिथीच्या सकाळपासून तिचं कामात लक्ष नव्हतं. अकोल्याहून ओमप्रकाशजी कीर्तनाला येणार होते.

ओमप्रकाशजी म्हणजे अकोल्यातल्या सरकी काढणाऱ्या दोन मोठ्या जिनांचे आणि कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एका प्रेसचे कारभारी. कमलाकांताचं भाग्य उघडलं ते त्यांच्याच हातानं. आधी बिचारा काळा कोट घालून अकोल्याच्या कोर्टात बसायचा आणि रिकाम्या हातानं अमरावतीला परतायचा. एकदा ओमप्रकाशजींनी सरकारी राजपत्रातलं एक पान त्याच्यापुढं टाकून विचारलं, हा नवा कर आमच्यावर कसा पडेल ते सांगा. यानं ते सांगितलंच, वर तो कर कसा टळेल तेही सांगितलं. तेव्हापासून सरकीवरची जकात म्हणू नका, जिनांच्या कोळशावरचा कर म्हणू नका, नागपूरच्या कौन्सिलात वऱ्हाडातल्या कंपन्यांच्या बाजूनं जे काही बोललं गेलं, त्यातलं निम्मं याच्या डोक्यातून निघालेलं असायचं. बोलणारे कोणी देशमुख असायचे, कोणी रावबहादूर. हा मागच्या बाकावर.

शेजारणी विचारायच्या, गोदावरीबाई, तुमचे दीर करतात तरी काय? वकील म्हणावं तर कोर्टात दिसत नाहीत, व्यापारी म्हणावं तर दुकान नाही. गोदावरी सांगायची, "कर लावणाऱ्याचं मन वळवतात." बायका हसायच्या. मग ती म्हणायची, अगं, ध्रुपद धरणाऱ्याचंच काम ते, मान पुढच्याचा आणि सूर मागच्याचा.

आता सरकारची एक समिती सोमवारी अकोल्यात बसणार होती. कापसाच्या रस्त्यांसाठी नवी पट्टी बसवायची होती, आणि प्रश्न एवढाच होता की ती प्रेसमधून निघणाऱ्या गाठीवर बसवायची की बाजारात येणाऱ्या गाडीवर. गाठीवर बसली तर कंपन्या भरणार. गाडीवर बसली तर गाडीवाला. कंपन्यांचं म्हणणं कमलाकांतानं बांधलं होतं. ते पार पडलं की मुंबईच्या मोठ्या कंपन्या मिळून नागपूरला कायमचा सल्लागार नेमणार होत्या, बंगला देऊन. ती जागा कमलाकांतालाच, असं ओमप्रकाशजी बोलून चुकले होते.

सैपाकघरात यावरून सकाळपासून दोन तट पडले होते. पुरण वाटता वाटता नणंद शकुन, जी तिथीसाठी अंजनगावहून आली होती, तिनं विषय काढलाच.

"नागपूरले गेल्यावर मंग तिथीचं ध्रुपद कोन धरन? का तेबी पोस्टानं धाडसान?"

धाकटी जाऊ अनसूया अकोल्याच्या वकिलाची लेक. ती कणीक तिंबत होती, तिनं हात थांबवला नाही. "शकुनताई, तिथीला येऊच आम्ही. पण दहा वर्षं माणूस दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालतो आणि आपलं नाव कुठं नाही. एकदा तरी त्याच्या नावाची खुर्ची नको का?"

"खुर्ची काय, मांडी घालून बसाले जागा पुरत नाई का इथी?"

"पुरते ना. म्हणूनच कोणी उठत नाही."

शकुननं गोदावरीकडं पाहिलं. गोदावरीनं पाट्यावरची वेलदोड्याची पूड गोळा केली. मनातून ती अनसूयेच्याच बाजूची होती, आणि तेच तिला खात होतं. कमलाकांत सहा वर्षांचा असताना सासूबाई गेल्या. त्याचं न्हाणं-खाणं हिच्याच हातचं. त्याला खुर्ची मिळावी असं हिला वाटणार नाही तर कोणाला? पण त्याच्याशिवाय हे घर संध्याकाळी कसं दिसेल, याचा विचार आला की पुरणात मीठ पडायची वेळ यायची.

आणखी एक गोष्ट तिनं कोणाला सांगितली नव्हती. कमलाकांताला वडिलांची खोड लागली होती, जे बोलायचं ते पहाटे मोठ्यानं म्हणून पाहायचं. मागच्या पडवीत येरझारा घालत तो ते गाडी-गाठीचं म्हणणं घोळवायचा. चूल पेटवताना तिच्या कानावर पडून तिचंही पाठ झालं होतं. रस्ता झिजतो तो चाकानं. कारखाना जागचा हलत नाही. गाठ आगगाडीनं जाते, तिचं पाऊल या रस्त्याला लागत नाही. मग रस्त्याचं देणं चाकानं द्यावं, हे न्यायाचं. इतकं गोड, इतकं सरळ, की ऐकून मान आपोआप हलावी. ओमप्रकाशजींनी बजावलं होतं, सोमवारपर्यंत हे भिंतीलाही कळू देऊ नका.

पण पडवीच्या पलीकडं एक भिंत होती आणि त्या भिंतीआड उद्धवबुवा पहाटे गळा साफ करत बसायचे.

*

उन्हं कलली तसं राममंदिराचा सभामंडप भरला. पंजाबराव आपल्या मळ्यातली झेंडूची टोपली घेऊन आला. त्याच्या गाड्या हंगामात कापूस वाहायच्या आणि एरवी भाजी. त्याच्याबरोबर त्याच्या वाडीतले गाडीवाले होते, पागोटी नीट करत मागं बसले. ओमप्रकाशजी बडनेऱ्याच्या स्टेशनावरून टांग्यानं आले. त्यांना पुढं गालिचा घातला होता, पण त्यांनी तो बाजूला सारला आणि सतरंजीवर बसले. देवापुढं वेगळं आसन कशाला, म्हणाले. गोदावरीला माणूस आवडला.

नमन झालं. उद्धवबुवांनी स्वतः रचलेलं पद लावलं, 'भार कुणाचा, वाहतो कोण, सांग रे रामा.' कमलाकांतानं मागून ते उचललं. पेटीवाल्यानं मान हलवली. बुवांनी पूर्वरंगाचा प्रश्न मांडला. कर्म करतो देह. हात मारतात, पाय चालतात, जीभ खोटं बोलते. जीव तर आत नुसता बसलेला. मग फळ जीवानं का भोगावं?

"आता पूर्वपक्ष ऐका, शंका काढणाऱ्याची बाजू," बुवा म्हणाले आणि उपरणं सावरून एक पाऊल पुढं आले. "पूर्वपक्षी मोठा हुशार. तो म्हणतो, महाराज, रस्ता कोणी झिजवला? चाकानं. कारखाना जागचा हलला का? नाही हलला."

वाती वळणारी गोदावरी थांबली.

बुवा रंगात आले होते. "आणि जीव? जीव तर आगगाडीनं जाणारा. त्याचं पाऊल या रस्त्याला लागतच नाही. मग रस्त्याचं देणं चाकानं द्यावं, की ज्याचं पाऊल लागलं नाही त्यानं? सांगा, न्याय काय म्हणतो?"

शब्दन् शब्द पडवीतला. बुवांना कशाला दोष द्यायचा? कीर्तनकाराला चांगला दृष्टांत कानावर पडला की तो देवानंच धाडला असं वाटतं. फुलं वेचणारा कोणाची बाग ते विचारत नाही. त्यात दोघा भावांत कामाचं बोलणं कधी होत नसे, की हे सोमवारचं म्हणणं आहे हे त्यांना ठाऊक असावं. धाकटा काही तरी सुंदर घोळवतोय, एवढंच त्यांना माहीत.

मागं कमलाकांताची झांज ठोका चुकली. ओमप्रकाशजींची बोटं मांडीवर ताल धरत होती, ती थांबली. अनसूयेनं गोदावरीचं मनगट घट्ट धरलं, इतकं की बांगडी रुतली.

सभा मात्र डोलत होती. पूर्वपक्ष पुरा झाला तेव्हा 'वा बुवा' असा आवाजही आला. मग उद्धवबुवा उत्तरपक्षाला लागले आणि तिथं घोटाळा झाला. जीवाला देहाचा अभिमान आहे म्हणून फळ त्याला, असं त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. दरवर्षीच्या पूर्वपक्षाला ते पुरलं असतं. पण हा पूर्वपक्ष समितीच्या साहेबांसाठी घडवलेला, त्याला कुठं फट ठेवलेलीच नव्हती. बुवांचं उत्तर त्यावर आपटून खाली पडलं. त्यांनी पद पुन्हा लावलं, पुन्हा उत्तर दिलं. आता कोणी डोलेना.

मागच्या रांगेत पंजाबराव शेजाऱ्याला हळूच म्हणाला, पण त्याचं हळू म्हणजे साऱ्या मंडपाला ऐकू येणारं. "मंग चाकानंच भरा म्हन्ते का रामराया? आमचंच चाक हाये बाप्पा."

काही हसले. गाडीवाल्यांत कोणी हसलं नाही. अकोल्याला समिती बसणार हे त्यांच्याही कानावर होतंच.

उद्धवबुवा थांबले. दुसरा कोणी कीर्तनकार असता तर त्यानं गजर केला असता, 'जय जय रघुवीर' म्हणून सभेला आख्यानाकडं नेलं असतं आणि कोणाच्या ध्यानात आलं नसतं. पण हे केशवबुवांचे चिरंजीव. त्यांनी हात जोडले.

"महाराज, खरं सांगतो. हा पूर्वपक्ष माझा नाही. माझ्या भावाच्या तोंडून पहाटे ऐकला, आवडला, म्हणून उचलला. आमचे वडील सांगत, श्रोत्याला शंका देऊन घरी पाठवू नये, पाप लागतं. ज्यानं पूर्वपक्ष बांधला त्यानंच तो सोडवावा. माझ्यानं सुटत नाही."

आणि गळ्यातला हार काढून त्यांनी मागं वळून कमलाकांताच्या गळ्यात घातला. उपरणं त्याच्या खांद्यावर टाकलं, त्याच्या हातातली झांज आपल्या हातात घेतली, आणि स्वतः त्याच्या मागं जाऊन ध्रुपदाला उभे राहिले.

गोदावरीनं रामाकडं पाहिलं आणि मग दिराकडं. त्याचा चेहरा ती ओळखत होती. लहानपणी गूळ चोरून सापडला की असाच व्हायचा. तिला हेही ठाऊक होतं की याला वाट आहे. उत्तरासारखं दिसणारं आणि कशालाच न लागणारं बोलायची कला हा नागपुरात शिकला होता. तो दोन श्लोक म्हणेल, बुक्का लावेल, मोकळा होईल. नागपूरची खुर्ची जागच्या जागी राहील. समोर ओमप्रकाशजी बसलेच होते.

"अवघड केलं हो बुवांनी," अनसूया तिच्या कानाशी म्हणाली. "ते सटकतील बघा. त्यांनी सटकावं, ताई."

कमलाकांतानं खाली पाहिलं, नारदाच्या गादीला हात लावून तो कपाळाला लावला.

"पूर्वपक्षी खरं बोलला," तो अखेर म्हणाला. आवाज बुवांसारखा भरदार नव्हता, बाकावर बसणाऱ्या माणसाचा होता. लोक पुढं सरकले. "रस्ता चाकानंच झिजतो. त्यात एक अक्षर खोटं नाही. मी खोटं बांधत नाही. मी फक्त एक प्रश्न बाहेर ठेवला, आणि तो बाहेर ठेवला म्हणूनच हे एवढं गोड लागलं."

मागून बुवांनी झांजेचा हलका ठोका दिला.

"गाडी निघाली कोणासाठी? चाकाला काय हौस होती? ते घरी सावलीत उभं राहिलं असतं. गाडी भरून जाते तेव्हा चाक रुततं. रिकामी परतते तेव्हा उडत येते. तेच चाक, तोच रस्ता. मग रस्ता चाकानं झिजवला की भारानं? आणि भार कोणाचा हे गाडीला विचारू नका. तो जिथं उतरला त्या दाराला विचारा."

मागच्या रांगेतून कोणीतरी 'हो जी' म्हणालं. कमलाकांत आता थांबत नव्हता. देह म्हणजे गाडं, त्यात वासनेचं ओझं भरलं जीवानं, उतरवूनही घेणार जीवच. मग वाटेत जे झिजलं त्याचं देणं देहावर टाकून आपण आगगाडीत बसायचं, हे चालणार नाही. आणि शेवटी तो जे बोलला ते गोदावरीनं पुढं कितीदा तरी घरी बोलून दाखवलं. "भार आपला म्हटला की अर्धा होतो. कारण 'माझा' म्हणणाऱ्याच्या दुसऱ्या खांद्याशी राम येतो. ढकलणाऱ्यापाशी तो येत नाही, त्याला खांदाच सापडत नाही."

'भार कुणाचा' हे ध्रुपद उद्धवबुवांनी उचललं आणि साऱ्या मंडपानं त्यांच्याकडून घेतलं. पंजाबरावाचा आवाज सगळ्यात बेसूर आणि सगळ्यात वर होता. अनसूयेनं गोदावरीचं मनगट सोडलं होतं. तिचे डोळे भरले होते, आणि ते कशानं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

आख्यान मग बुवांनीच लावलं. पण आरतीनंतर रिवाजाप्रमाणं गादीवर उभं राहिलेल्या दोघांच्याही पाया पडायचं. उद्धवबुवा आधी वाकले, धाकट्या भावापुढं. तो मागं सरला तर त्यांनी दटावलं, "गप उभा राय. तुह्या पाया नाई पडून राहिलो, नारदाच्या पडून राहिलो." त्यांच्यामागं ओमप्रकाशजी. त्यांनी डोकं टेकवलं, बुक्का लावून घेतला, आलिंगन दिलं, आणि त्या आलिंगनातच कानाशी बोलले. शेजारी खिरापत वाटणाऱ्या गोदावरीला ते स्वच्छ ऐकू आलं.

"वकीलसाहेब, कीर्तन उत्तम. सोमवारचं काय करता?"

*

पंगत बसली. पाहुण्यांना बुवांच्या शेजारी पाट होता. शकुन कढी वाढताना मुद्दाम अनसूयेच्या वाटेतून जात होती, आणि अनसूया मुद्दाम बाजूला होत नव्हती.

उद्धवबुवांना घरी आल्यावर गोदावरीनं सगळं सांगितलं होतं. ते जेवणात लक्ष नसल्यासारखे बसले होते. अखेर त्यांनी पाहुण्यांची क्षमा मागितली. आपल्याला ठाऊक नव्हतं, चूक आपली आहे, भावाला शिक्षा नको, असं सगळं ते जडपणे बोलले. ओमप्रकाशजींनी पोळीचा तुकडा तुपात बुडवला. म्हणाले, बुवा, तुमच्यावर कशाचा राग? आमचं म्हणणं कसं आहे हे तर तुम्ही दाखवलं. सभा डोलली. पण त्याचं उत्तर काय आहे हेही आता साऱ्या गाडीवाल्यांना पाठ झालं. सोमवारी ते समितीपुढं हेच म्हणतील, आणि म्हणतील की कंपनीच्याच माणसानं शिकवलं.

कमलाकांतानं ताट थोडं पुढं सारलं. "ओमप्रकाशजी, मी ते म्हणणं आता मांडू शकत नाही. नारदाच्या गादीवरून सोडवलं ते पुन्हा बांधता येत नाही. तुम्ही दुसरा माणूस घ्या. कागद सगळे देतो."

"दुसरा माणूस कुठून आणू? आज शनवार."

"मग दुसरं म्हणणं घ्या."

"कोणतं?"

कमलाकांत बोलू लागला. पट्टी गाठीवर बसू द्या, आपणच मागून घ्या. पण अट घाला. पैसा सरकारच्या इतर खर्चात जायचा नाही. गावाकडून जिनापर्यंतच्या रस्त्यांवर आणि स्टेशनाच्या धक्क्याला छप्पर घालण्यावरच तो लागला पाहिजे. हंगामात चिखलात गाड्या अडतात तेव्हा जिन रिकामं उभं राहतं, ते कोणाचं नुकसान? धक्क्यावर गाठी भिजतात, ते कोणाचं?

ओमप्रकाशजी ऐकत होते. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. म्हणाले, हे अकोल्याला समजेल. मुंबईला समजणार नाही. ते विचारतील, आपण होऊन मान पुढं का करायची?

तेवढ्यात सैपाकघराच्या दारातून आवाज आला. परक्या पुरुषासमोर घरातली सून पंगतीत बोलल्याचं त्या घरात कधी झालं नव्हतं. अनसूया भाताचं पातेलं घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"मुंबईला सांगा, गाडीवर पट्टी बसली तर गाडीवाला ती भाड्यात लावेल आणि भाडं कापसाच्या भावात चढेल. भाव वाढला की भरणार तुम्हीच. फक्त तेव्हा पावती मिळणार नाही आणि रस्ताही होणार नाही."

शकुनचा हात कढीच्या वाटीवर थांबला. उद्धवबुवांनी खाली पाहिलं, पण त्यांच्या मिशीखाली हसू होतं. कमलाकांत बायकोकडं बघतच राहिला. दहा वर्षांत त्यानं आपलं काम घरात कधी काढलं नव्हतं. ती सगळं बापाच्या घरून शिकून आली आहे, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"हे तुम्ही शिकवलं?" ओमप्रकाशजींनी त्याला विचारलं.

"मला आत्ता कळलं," तो म्हणाला.

ओमप्रकाशजी हसले, मग पुन्हा गंभीर झाले. "असं बोलू या सोमवारी. माझ्या दोन जिनांच्या वतीनं मी बोलेन, बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही. पण एक आत्ताच सांगतो, नंतर मनाला लागायला नको. नागपूरची जागा यानंतर तुम्हाला मिळायची नाही. त्यांना हवा आहे तो माणूस देवळातसुद्धा त्यांचंच बोलणारा."

गोदावरीनं अनसूयेकडं पाहायचं टाळलं. ती सरळ पाहुण्यांच्या पानाशी गेली, भात वाढला, त्यावर वडे कुस्करून तेल घातलं.

"घ्या भाऊ," ती म्हणाली. "वडाभात आमच्या इथीचा. नागपूरले भेटनार नाई असा."

*

सोमवारी काय झालं ते घरात पहिल्यांदा कळलं ते पंजाबरावाकडून. कमलाकांत अकोल्यालाच थांबला होता. मंगळवारी पंजाबराव वांग्यांची टोपली घेऊन मागच्या दारी आला, वांगी कुणी मागितली नव्हती.

"काय सांगू वहिनी," तो ओट्यावर टेकून म्हणाला. "आमी सारे गाडीवाले गेलतो. म्या पाठ करून गेलतो ना कमलभाऊचं, भार कोनाचा थे. तं आमच्या आंधी शेठच उभे राह्यले आन् म्हने, पट्टी आमच्या गाठीवर घाला. आता मी काय बोलू? सायबानं मले इचारलं, तुमचं काय म्हननं हाये? म्या म्हनलं, शेठ म्हन्ते थेच. सायबानं चष्मा काढला. म्हने, तुमी दोघं भांडाले आले का जेवाले?"

शकुन हसून हसून भिंतीला टेकली. तिनंच पुढचं विचारलं, मग निकाल काय लागला? पंजाबरावाला ते नीटसं ठाऊक नव्हतं. साहेब लिहून घेत होता. दुसऱ्या कंपन्यांचे लोक तोंड पाडून बसले होते. एकानं गाडीवरच्या पट्टीचं बोलून पाहिलं, पण कोणी डोललं नाही.

"आन् कमलभाऊ कुठी होते?" शकुननं विचारलं.

"मांगंच बसले होते, शेठच्या मांगं. पन यंदा सायबानं त्याइले समोर बलावलं. इचारलं, हे दोन्ही म्हननं तुमचंच दिसते. तुमी हायेत तरी कोनाचे?"

अनसूया आतून आली. "काय म्हणाले ते?"

पंजाबरावानं डोकं खाजवलं. "इंग्रजीत म्हनले बाई. पन सायेब हसला अन् त्याइले खुर्ची देल्ली. कमलभाऊ बसून बोलून राह्यले होते, आमी उभे."

अनसूया आत गेली. गोदावरी तिच्यामागं गेली. धाकटी जाऊ दुधाच्या भांड्यापुढं उभी होती, दूध केव्हाच वर आलेलं. गोदावरीनं ते उतरवलं.

"वाईट वाटून राहिलं का तुले? नागपूरचं?"

"वाटतं ना," अनसूया म्हणाली. तिनं ते लपवलं नाही, म्हणून गोदावरीला ती त्या दिवशी फार जवळची वाटली. "बंगल्याला मागं पेरूची झाडं आहेत म्हणे. मी आधीच पेरू खाल्ले होते, ताई."

दोघी हसल्या, आणि हसता हसता गोदावरीनं पदरानं डोळे टिपले.

कमलाकांत बुधवारी परतला. समितीचा निकाल अजून लागायचा होता, पण नागपूरची जागा मुंबईच्याच एका बॅरिस्टराला गेली होती. ते त्यानं जोडे काढतानाच सांगून टाकलं, लपवून ठेवण्यासारखं काही नव्हतं. मग आंघोळ करून तो पाटावर बसला आणि बायकोला बोलावलं, गोदावरीसमोरच. म्हणाला, एक नवी रीत पाडायची आहे. यापुढं कोणत्याही कंपनीचं म्हणणं बांधायचं तर ज्यांच्याविरुद्ध ते जातं त्यांनाच आधी घरी जेवायला बोलवायचं. पहाटे पडवीत एकट्यानं बोललं की ते फार गोड लागतं. कोणाचं तरी उत्तर ऐकून बांधायचं. ओमप्रकाशजींनी हे मान्य केलं होतं. त्यांच्या तेलगिरणीच्या जकातीचं नवं काम आलं होतं, म्हणून गुरुवारी अकोल्याच्या नगरपालिकेचे दोन सभासद येणार होते.

उद्धवबुवा पलीकडच्या खोलीतून म्हणाले, की जेवणाआधी मी एक पद म्हणेन, त्यांना सावध करायला.

अनसूया कणगीपाशी गेली. ज्वारी मापताना ती थबकली.

"ताई, नगरपालिकेचे लोक तिखट खातात का हो?"

गोदावरीनं मिरच्यांची परडी तिच्यापुढं सारली.

"कर बसवनारे लोक ते. सोसतीन."